बाथरूमचा लाईट सारखा सारखा जातो? नवीन फिटिंग लावायच्या आधी हे पाहून घ्या

घरातल्या बाकी खोल्यांमधले बल्ब दोन-दोन वर्षं चालतात आणि बाथरूमचाच काहून सारखा जातो, हा प्रश्न मी इतक्या घरांमधून ऐकला आहे की आता एकदा सगळं नीट लिहूनच टाकतो. नागपुरात घरगुती वायरिंगची कामं करतो मी, महाल-इतवारीतली जुनी घरं, मानेवाडा-हुडकेश्वरकडचे नवीन फ्लॅट, धरमपेठेतले बंगले, सगळीकडे हाच बिघाड थोड्याफार फरकानं सापडतो. झालेलं बहुतेक वेळा असं असतं की आधी बल्ब बदलला, मग होल्डर बदलला, मग आख्खी फिटिंगच नवीन आणली आणि तरी काही दिवसांनी पुन्हा अंधार.

फिटिंग बदलायला माझी काहीच हरकत नाही, कधी कधी ती बदलावीच लागते आणि कशी बदलायची ते खाली लिहिलं आहे. पण जुनी कशानं गेली हे न पाहता नवीन लावली तर तीही त्याच वाटेनं जाणार. आणि इथे पैशापेक्षा मला काळजी दुसरी आहे, बाथरूममध्ये माणूस ओला असतो, पाय उघडे असतात, हात नळाला लागलेला असतो, आणि जी ओल बल्ब मारते तीच ओल करंट भिंतीत आणते. म्हणून जरा वेळ काढून वाचा.

आधी लक्षणं

तुमच्याकडे नेमकं काय होऊन राहिलं ते आधी ठरवा, कारण "लाईट जातो" या एका वाक्यात पाच-सहा वेगळे आजार लपलेले असतात.

बल्ब लुकलुक करतो, हात लावला किंवा दार जोरात आपटलं की पुन्हा नीट लागतो. हा बहुतेक वेळा ढिल्या होल्डरचा किंवा ढिल्या जॉइंटचा मामला.

बल्ब नवीन लावला की चांगला चालतो आणि दोन-तीन महिन्यांत कायमचा जातो, काढून पाहिला तर बुडाशी प्लास्टिक पिवळं-तपकिरी पडलेलं असतं. ही गर्मी.

बटन बंद केल्यावरही रात्री बल्ब मंद मंद पेटलेला दिसतो. लोकांना हे किरकोळ वाटतं पण याच्या मागे एक धोक्याची गोष्ट असू शकते, पुढे सांगतो.

गिझर किंवा बोरची मोटर चालू केली की लाईट दबतो किंवा झपकन मिचकतो.

पाऊस आला की आरसीसीबी (करंट कुठे गळला की सप्लाय तोडणारं मेनजवळचं बटन) पडते, ऊन पडलं की एक-दोन दिवसांत आपोआप ठीक. किंवा लाईट लावताक्षणी एमसीबी (जास्त करंट गेला की पडणारं बटन) पडते.

फिटिंगच्या काचेत आतून थेंब किंवा पाण्याचा डाग दिसतो.

आणि शेवटचं लक्षण असं आहे की त्याला लक्षण म्हणायचं नाही, सरळ धोका म्हणायचं: नळाला, शॉवरला किंवा ओल्या भिंतीला हात लावला की झिणझिणी येते. असं असेल तर पुढचं काही करू नका, मेन बंद करा, सगळ्यांना सांगून ठेवा की आत कोणी जाऊ नका आणि वायरमनला बोलवा. पुष्कळदा दोष लाईटमध्ये नसून गिझरच्या एलिमेंटमध्ये निघतो, पण ते शोधायचं काम तुमचं नाही.

कधी बिघडतो ते आठवा, हे तपासणं फुकट आहे

मी कोणाच्या घरी गेलो की बोर्ड उघडायच्या आधी हेच विचारतो. कोणत्या महिन्यात गेला, दिवसाच्या कोणत्या वेळेला मिचकतो, त्या वेळी घरात अजून काय चालू होतं. अर्धं उत्तर इथेच मिळून जातं.

एप्रिल-मेमध्ये जात असेल आणि बाथरूम वरच्या माळ्यावर असेल तर गर्मीवर संशय घ्या. नागपुरात मे महिन्यात बाहेर ४५ डिग्रीच्या वर पारा जातो, दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत उष्णता खाली सोडत राहतो, आणि त्या स्लॅबला चिकटून एक बंद काचेचा गोळा आणि त्या गोळ्यात एलईडी बल्ब. एलईडी थंड असतो असं आपण समजतो, प्रकाश थंड असतो हे खरं पण त्याच्या बुडाशी जो ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला लागेल तसा सप्लाय करून देणारं सर्किट, असतो तो तापतो, आणि त्यातला कपॅसिटर गर्मीला फार कच्चा. ढोबळ हिशेब असा धरतात की तापमान १० डिग्री वाढलं की कपॅसिटरचं आयुष्य निम्मं होतं. म्हणजे हॉलमध्ये उघड्या होल्डरवर जो बल्ब आरामात चालतो तोच बंद गोळ्यात मे काढू शकत नाही. बल्बच्या डब्यावर बारीक अक्षरात लिहिलेलंही असतं की पूर्ण बंद फिटिंगमध्ये वापरू नका, पण ते वाचतो कोण.

जून-जुलैमध्ये, मृगाचे पहिले दोन-तीन मोठे पाऊस झाले की त्यानंतर जात असेल तर पाणी वरून येऊन राहिलं. बाथरूमच्या वर बहुतेक घरांत पाण्याची टाकी असते, पाइप असतात, स्लॅबमधून पाइप गेलेला असतो तिथे चीर असते, आणि पाणी नेमकं वायरच्या पाइपमधून खाली उतरतं कारण त्याला ती तयार वाट मिळते.

डिसेंबर-जानेवारीत जात असेल तर वाफ. आपल्याकडे थंडीच्या रात्री पारा दहाच्या खाली उतरतो, सकाळी भिंती गार असतात, गिझरचं कडक पाणी सोडलं की सगळी वाफ गार काचेवर आणि गार धातूवर जमते. त्यात बाहेर थंडी म्हणून खिडकी बंद आणि एक्झॉस्ट बंद. होल्डरच्या आत रोज थोडं थोडं पाणी धरतं.

आणि वर्षभर कधीही, विशेषतः संध्याकाळी मिचकत असेल तर ढिला जॉइंट किंवा व्होल्टेज.

हात लावायच्या आधी

इथे जरा थांबून वाचा, हा भाग मी मुद्दाम लांबवतो आहे.

फक्त बाथरूमचं बटन बंद करून काम करायचं नाही. बटन फेजवर (करंट आणणाऱ्या वायरवर) आहे की चुकून न्यूट्रलवर (करंट परत नेणाऱ्या वायरवर) आहे हे तुम्हाला बाहेरून दिसत नाही, आणि न्यूट्रलवर असेल तर बटन बंद असतानाही होल्डरमध्ये पूर्ण २३० व्होल्ट उभे असतात. मेन स्विच बंद करा.

मेन बंद केला म्हणजेही झालं नाही, घरात इन्व्हर्टर असेल तर. लाईन गेल्यावर अंधार होऊ नये म्हणून बाथरूमचा लाईट पुष्कळ घरांत इन्व्हर्टरच्या लाइनवर टाकलेला असतो. तुम्ही मेन पाडता, इन्व्हर्टरला वाटतं लाईन गेली, आणि तो लगेच तुमच्या हातातल्या त्याच वायरमध्ये सप्लाय सोडतो. हे मी वारंवार सांगतो कारण लोकांना मेन बंद केला की एकदम निर्धास्त वाटतं. आधी इन्व्हर्टर बंद, मग मेन बंद, आणि मग बाथरूमचं बटन चालू करून पाहा की लाईट खरंच लागत नाही. बल्ब गेलेला असेल तर चालू बल्ब लावून ही खात्री करा.

टेस्टरवर आंधळा भरोसा नको. टेस्टरमधला दिवा तुमच्या अंगातून जाणाऱ्या अगदी बारीक करंटवर पेटतो, त्यामुळे रबरी चप्पल घालून लाकडी स्टुलावर उभे असाल तर चालू वायरवरही तो इतका मंद पेटेल की उजेडात दिसणारच नाही. म्हणून टेस्टर आधी चालू प्लगमध्ये लावून पाहायचा आणि तरीही "पेटला नाही म्हणजे लाईन नाही" असं धरायचं नाही. आणि ओल्या फरशीवर उघड्या पायानं उभं राहून टेस्टर लावणं तर कधीच नाही.

आंघोळ झाल्या झाल्या काम काढू नका. फरशी पुसून, खिडकी उघडून, दोन तास कोरडं होऊ द्या, दुपारची वेळ सगळ्यात चांगली, उजेडही असतो. स्टूल डगडग करणारं नको, बाथरूममध्ये माणसं करंटला घाबरतात, पण पडूनही चांगलंच लागतं.

आता एकेक तपासा

सगळ्यात सोपं आधी. बाथरूमचा बल्ब काढून हॉलमध्ये लावा आणि हॉलचा चालू बल्ब बाथरूममध्ये लावा. बाथरूमचा बल्ब हॉलमध्येही लागला नाही तर बल्ब गेला, पण काम संपलं नाही, तो का गेला हे वरच्या महिन्यांच्या हिशेबात पाहा. हॉलमध्ये नीट लागला तर बल्ब निर्दोष आहे, दोष होल्डर, बटन किंवा वायरमध्ये. पाच मिनिटांचं काम आहे आणि यानं अर्ध्या शक्यता कटतात, तरी लोक आधी दुकानात जातात.

मग बटन. लावताना चर्रर्र असा आवाज येतो का, बटन गरम लागतं का, अर्ध्यावर दाबलं तर लाईट मिचकतो का. ओल्या हातानं दाबून दाबून बाथरूमचं बटन इतर बटनांच्या आधी खराब होतं, आतल्या पत्तीवर ठिणगी पडून काळा थर बसतो आणि तो थर करंट धड जाऊ देत नाही. नवीन बटन स्वस्तच येतं. बोर्ड बाथरूमच्या आत असेल तर एकदा हिशेब करून तो बाहेर दाराजवळ घेऊन टाका, ही गोष्ट मी प्रत्येक घरात आग्रहानं सांगतो.

बटन बंद असताना बल्ब मंद पेटत असेल तर पहिलं पाहायचं की बटनावर छोटा लाल दिवा आहे का. असेल तर त्या दिव्यातून जाणारा थोडासा करंट एलईडीला पुरतो, इंडिकेटर नसलेलं बटन लावलं की प्रश्न संपतो. इंडिकेटर नाही आणि तरी पेटतो, तर दोन शक्यता राहतात. एक तर बाजूबाजूनं गेलेल्या वायरींमुळे बंद वायरमध्ये थोडं व्होल्टेज शिरतं, हे निरुपद्रवी असतं, डिजिटल मीटरमध्ये असे ४०-५० व्होल्ट दिसून माणूस उगीच घाबरतो. दुसरी शक्यता ती जी मी वर सांगितली, बटन न्यूट्रलवर आहे, म्हणजे होल्डर चोवीस तास जिवंत. हे ओळखायला चालू लाइनवर तपासावं लागतं म्हणून ते वायरमनकडून करून घ्या, पण करून घ्याच. बोर्डात वायर बदलून फेजवर बटन आणणं त्याला फार वेळ लागत नाही आणि पुढे कोणी बल्ब बदलताना त्याचा जीव वाचतो.

त्यानंतर होल्डर. मेन बंद, इन्व्हर्टर बंद, बल्ब काढला, आता मोबाइलचा टॉर्च मारून आत पाहा. पितळी पिना चकचकीत असतील तर ठीक. हिरवट भुकटी बसलेली असेल तर ओल आत गेली. पिनेच्या टोकाला काळा खड्डा दिसत असेल तर तिथे ठिणगी पडते आहे. मग बोटानं नाही, लाकडी काडीनं दोन्ही पिना दाबून पाहा, दोन्ही सारख्या दबून सारख्या वर आल्या पाहिजेत. एक पिन खालीच बसून राहिली तर स्प्रिंग गेली, बल्ब आणि पिन यांच्यात केसाएवढी फट राहते आणि सगळी लुकलुक त्या फटीची. पिना वाकवून, कागद घालून, घासून वेळ काढू नका, होल्डर बदला. चांगल्यातला घ्या, हलका प्लास्टिकचा होल्डर आपल्या उन्हाळ्यात कडक होऊन तडकतो आणि बल्ब फिरवताना पूर्ण हातात येतो.

पाण्याचा शोध याच्या पुढे. फिटिंगचं कव्हर काढा आणि आत पाणी कुठून आलं त्याची रेघ शोधा. पाणी आपली खूण सोडूनच जातं, त्यातून आपल्या बोरच्या पाण्यात क्षार असतात, टाकी बोरच्या पाण्यानं भरत असेल तर थेंब वाळला की पांढरी रेघ राहते. रेघ वायर जिथून आत येते तिथून सुरू होत असेल तर पाणी पाइपमधून उतरून राहिलं, म्हणजे स्लॅब किंवा टाकी. रेघ फिटिंगच्या वरच्या कडेपासून सुरू होत असेल तर भिंतीवरून ओघळ येतो. आणि रेघ कुठेच नाही, नुसतं सगळीकडे सारखं दमट आहे, छोटे छोटे थेंब काचेला आतून चिकटलेले आहेत, तर ती वाफ.

वाफेचा इलाज सगळ्यात स्वस्त: आंघोळीच्या वेळी एक्झॉस्ट चालू आणि नंतरही दहा-पंधरा मिनिटं चालू, शिवाय फिटिंगची रबरी वाशर जागेवर आहे का ते पाहणं. पुष्कळ फिटिंगमध्ये ती वाशर पहिल्यांदा बल्ब बदलताना काढली जाते आणि परत बसवलीच जात नाही. ओघळाचा इलाज सिलिकॉन, पण तीन बाजूंनी, वर आणि दोन्ही बाजू. खालची कड उघडी ठेवायची. चारही बाजूंनी सिलिकॉन भरलं तर जे काही पाणी आत जाईल ते तिथेच साचून राहील आणि वायरी त्यात बुडतील.

आणि पाइपमधून पाणी येत असेल तर फिटिंगचं नाव काढू नका. आधी वरची गळती. टाकीखालची चीर, पाइपच्या भोवतीची छपाई (प्लास्टर), ते बंद होऊन एक पाऊस कोरडा गेल्यावरच नवीन फिटिंग लावायची. इथे घाई करणारे लोक दरवर्षी नवीन फिटिंग विकत घेतात आणि दोष कंपनीला देतात.

पाणी नाही आणि गर्मी आहे असं ठरलं तर बंद गोळा काढा. एक तर उघड्या बाजूचा होल्डर, नाही तर ज्या फिटिंगमध्ये एलईडी आतच बसवलेली असते आणि मागे अ‍ॅल्युमिनियमची पाठ असते अशी. ती पाठ उष्णता बाहेर टाकते. गोळाच ठेवायचा असेल तर निदान कमी वॅटचा बल्ब लावा, पाच-सात वॅट, छोट्या बाथरूमला तेवढा उजेड पुरतो. आणि लाईट स्लॅबवरून उतरवून भिंतीवर घेता आला तर आणखी चांगलं.

जॉइंट

इथून पुढे काम जड होतं आणि इथेच खरा दोष फार वेळा सापडतो.

फिटिंगचे दोन स्क्रू काढून ती अलगद खाली घ्या, मागे वायरींचा जॉइंट दिसेल. दिसायला पाहिजे तसा म्हणजे: तांबं स्वच्छ, कनेक्टरमध्ये स्क्रू घट्ट आवळलेला, बाहेर एकही उघडी तार नाही. दिसतो तसा म्हणजे: दोन वायरी चिमटीत पिळलेल्या, वर काळी टेप, आणि ती टेप गर्मीनं चिकट होऊन सुटलेली, आत तांबं काळं पडलेलं. पिळलेला जॉइंट पहिले काही महिने चांगला चालतो. मग गरम-थंड, गरम-थंड होऊन ढिला पडतो, ढिला पडला की तिथे गर्मी वाढते, गर्मी वाढली की आणखी ढिला. लाईट दोन-चार मिनिटं चालून मिचकायला लागतो आणि बंद करून थोड्या वेळानं लावला की पुन्हा ठीक, हे याचंच लक्षण. एलईडीच्या ड्रायव्हरला असं क्षणाक्षणाला तुटणारं-जुडणारं कनेक्शन अजिबात सोसत नाही, म्हणून "बल्ब हलके येऊन राहिले" असं जे म्हणतात त्यात पुष्कळदा बल्बचा काही दोष नसतो.

काळं पडलेलं तांबं कापून टाका, स्वच्छ तांबं बाहेर काढा, चिनी मातीचा किंवा चांगल्या प्लास्टिकचा कनेक्टर लावा, स्क्रू आवळल्यावर वायर ओढून पाहा. वायर हातात आली तर ती नंतर आलीच असती.

महाल, इतवारी, सक्करदऱ्याकडच्या जुन्या घरांत वायर अ‍ॅल्युमिनियमची निघू शकते, पांढरट चंदेरी, दोन वेळा वाकवली की तुटते. ती दिसली तर तिथेच थांबा. तिच्यावर सरळ तांब्याची वायर पिळली तर ओलीत तो जॉइंट आणखी लवकर खराब होतो, आणि ती तुटत तुटत पाइपच्या आत गेली तर ओढून काढायला काही उरत नाही. अशा घरात बाथरूमची तेवढी लाईन तरी नवीन तांब्याची टाकून घ्यावी, आणि ते वायरमनचं काम आहे.

गिझर लावला की लाईट दबतो

दोन हजार वॅटचा गिझर जवळपास ९ अँपिअर ओढतो. लाईट जरासा, डोळ्याला जेमतेम जाणवेल इतका दबला आणि तसाच स्थिर राहिला तर घाबरायचं कारण नाही. पण लाईट स्पष्ट दबत असेल, मिचकत असेल, तर पाहायचं की गिझर आणि लाईट एकाच बारीक वायरवर तर नाहीत. लाईटला दीड स्क्वेअरची (म्हणजे दीड चौरस मिलिमीटर जाडीची) वायर चालते, गिझरला वेगळी लाईन पाहिजे, अडीच किंवा चार स्क्वेअरची, आणि तिची स्वतःची एमसीबी. लाईन वेगळी असूनही मिचकत असेल तर बोर्डातला किंवा मीटरजवळचा न्यूट्रल ढिला असण्याची शक्यता मोठी, आणि तिकडे तुम्ही हात घालायचा नाही.

याच्याहून गंभीर एक प्रकार आहे, तो ओळखता आला पाहिजे. घरातले काही लाईट एकदम प्रखर होतात, पंखे जोरात फिरतात आणि त्याच वेळी दुसरीकडचे लाईट मंद पडतात. बाथरूमचा बल्ब जातो, त्याच दिवशी टीव्हीही जातो. हा न्यूट्रल तुटल्याचा प्रकार, घरात थ्री फेज असेल तर आपल्या बोर्डात, नाही तर बाहेर खांबावर. अशा वेळी २३० च्या जागी तीनशेच्या वरही व्होल्टेज येऊ शकतं. लगेच मेन बंद करा, शेजारी विचारा त्यांच्याकडेही असंच आहे का, आणि महावितरणला १९१२ वर तक्रार नोंदवा. लाईन नीट झाल्याशिवाय मेन चालू करू नका, फ्रीज-एसीचे हजारो रुपये वाचतील.

एमसीबी आणि आरसीसीबी

लोक या दोन्हीला एकच समजतात. एमसीबी वायरला जळण्यापासून वाचवते, जास्त करंट गेला किंवा शॉर्ट झाला की पडते. माणसाला वाचवते ती आरसीसीबी, गेलेला करंट पूर्ण परत आला नाही, ३० मिलिअँपिअर इतका जरी कुठे गळला, तरी ती पडते. म्हणून पावसात आरसीसीबी पडत असेल तर तिला शिव्या देऊ नका, ती सांगते आहे की ओलीतून करंट गळून राहिला. तिला बायपास करून घेणारे लोक मी पाहिले आहेत आणि मला फार वाईट वाटतं, कारण त्या घरात लहान मुलं त्याच बाथरूममध्ये आंघोळ करतात.

तुम्ही इतकंच तपासू शकता: मेन बंद करून फिटिंग पूर्ण सोडवा, उघड्या वायरींची टोकं वेगवेगळी कनेक्टरमध्ये बंद करा, मग मेन चालू करा. आरसीसीबी टिकली तर दोष फिटिंगमध्ये होता. फिटिंग नसतानाही पडली तर दोष भिंतीतल्या वायरमध्ये किंवा दुसऱ्या कुठल्या उपकरणात, आणि तुमचं काम संपलं. इन्व्हर्टर बसवल्यापासूनच पडत असेल तर तो बसवताना न्यूट्रल एकमेकांत मिसळले असण्याची शक्यता आहे, हे वायरमनला आवर्जून सांगा.

घरात आरसीसीबी नसेल तर नवीन फिटिंगच्या आधी तिच्यावर खर्च करा.

फिटिंग बदलायचीच असेल तर

खरेदी करताना डिझाइनच्या आधी आयपी नंबर पाहा. पहिला आकडा धूळ-कचऱ्याचा, दुसरा पाण्याचा. आयपी २० म्हणजे पाण्यापासून काहीच संरक्षण नाही, ती हॉलची फिटिंग. बाथरूमला निदान आयपी ४४, सगळ्या बाजूंनी उडणारं पाणी सोसणारी. शॉवरच्या जवळ असेल तर आयपी ६५. आणि मुळात शॉवरच्या थेट वर किंवा हात पोहोचेल इतक्या जवळ फिटिंग असूच नये, तिथे आधीची असेल तर हीच संधी आहे जागा बदलायची. सीताबर्डीच्या किंवा इतवारीच्या बाजारात विचारलं तर दुकानदार काढून देतो, फक्त "वॉटरप्रूफ आहे" या तोंडच्या शब्दावर घेऊ नका, डब्यावर नंबर छापलेला पाहिजे.

जुनी काढायच्या आधी वायरींचा फोटो घ्या. रंग लाल म्हणजे फेज, काळा म्हणजे न्यूट्रल, हिरवा म्हणजे अर्थिंग, असा आपल्याकडचा रिवाज, पण जुन्या घरात तिन्ही वायरी एकाच रंगाच्या निघतात, त्यामुळे रंगावर जाऊ नका, फोटोवर जा. फिटिंग धातूची असेल तर हिरवी वायर तिच्या अर्थिंगच्या स्क्रूला जोडायचीच. प्लास्टिकची असेल आणि अर्थिंगची जागाच नसेल तर ती वायर कापू नका, टोक कनेक्टरमध्ये बंद करून मागे दुमडून ठेवा, पुढे कोणाला तरी लागेल.

टाइलवर भोक पाडताना ड्रिलचा हॅमर बंद ठेवा, नाही तर टाइल तडकते, आणि वायर ज्या रेषेत वरून किंवा बाजूनं येते त्या रेषेत भोक पाडू नका. भोकात गिट्टी (स्क्रू धरणारा प्लग) बसवा, फिटिंग लावा, वायर आत जाते तिथली रबरी चकती नीट बसली आहे का पाहा, वायरला आत जायच्या आधी खाली थोडा झोल द्या म्हणजे वायरवरून येणारा थेंब झोलाच्या तळाशी गळून पडतो, होल्डरपर्यंत पोहोचत नाही. मग तीन बाजूंनी सिलिकॉन, एक दिवस वाळू द्या, त्या दिवशी शॉवर नको. सप्लाय चालू केल्यावर आरसीसीबीचं टेस्ट बटन दाबून ती पडते का पाहा, आणि हे दर महिन्याला करा.

इथे थांबा

फिटिंगजवळ जळका वास आला किंवा भिंतीवर काळा डाग असेल. वायरचं इन्सुलेशन हात लावताच तुकडे होऊन पडत असेल. पाइपमधून पाणी ठिबकत असेल. फिटिंग सोडवूनही एमसीबी किंवा आरसीसीबी पडत असेल. वायरी तीनपेक्षा जास्त निघाल्या आणि कोणती कुठे जाते हे कळत नसेल. अर्थिंगची वायरच नसेल. अ‍ॅल्युमिनियम निघालं. करंट लागला, थोडासा का होईना. यातलं एक जरी असलं तरी वायरी वेगवेगळ्या बंद करा, मेन नाही तर निदान त्या लाइनची एमसीबी बंद ठेवा, आणि परवाना असलेला वायरमन बोलवा. रात्रीपुरता चार्जिंगचा लाईट बाथरूममध्ये टांगला तर काही बिघडत नाही.

बोलावताना फोनवर नुसतं "लाईट गेला" सांगू नका. बाथरूम कोणत्या माळ्यावर आहे, वर टाकी आहे का, बिघाड पावसात होतो की गर्मीत, घरात इन्व्हर्टर आणि आरसीसीबी आहे का, बल्ब दुसऱ्या खोलीत लावून पाहिला तर काय झालं, आणि जॉइंटचा फोटो. इतकं कळलं की येणारा माणूस योग्य सामान घेऊन येतो, नाही तर पहिली चक्कर फक्त पाहण्यात जाते आणि तोवर तुम्ही अंधारात.